उत्पन्नाचा दाखला, घरात येणारे पैसे आणि शिष्यवृत्ती: वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की तहसील कार्यालयांपुढच्या रांगा वाढतात आणि आमच्याकडची पत्रेही वाढतात. या वेळच्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली: घरात येणाऱ्या पैशांपैकी 'उत्पन्न' म्हणून धरायचे काय, आणि सरकारी योजनेचे चार पैसे आले म्हणून मुलांची फी माफी जाईल का. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला तो आपल्या कोल्हापूर संस्थानात, आणि आज शुल्काची मोठी योजना राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने चालते. त्या योजनेत बसणारे मूल केवळ कागद चुकला म्हणून बाहेर राहू नये, एवढ्यासाठी ही उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. 'मर्यादा ८ लाख' किंवा 'मर्यादा अडीच लाख' एवढे ऐकून निष्कर्ष काढू नका. कोणाचे उत्पन्न, कोणत्या आर्थिक वर्षाचे आणि कशाकशातून आलेले, हे प्रत्येक योजनेत वेगळे असते. घोळ तिथेच होतो.

प्रश्न (राधानगरी तालुका): तीन एकर ऊस, दोन म्हशी. मंडळींना लाडकी बहीणचे दीड हजार येतात, माझ्या खात्यावर पीएम किसान आणि नमोचे येतात. मुलीला कॅपमधून कोल्हापुरात इंजिनिअरिंगला एसईबीसीतून (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातून) प्रवेश मिळाला आहे. उत्पन्नाचा दाखला ४ लाख १० हजारांचा निघतोय. गावात सांगतात, योजनांचे पैसे धरले की मुलीची फी माफी जाणार. खरे आहे का?

उत्तर: नाही. हिशेब मांडून बघू. लाडकी बहीणचे वर्षाचे १८,००० रुपये, पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, मिळून ३०,०००. हे सगळे दाखल्याच्या आकड्यात मिळवले तरी ४ लाख ४० हजार होतात. आपल्या मुलीसाठी मर्यादा आहे ८ लाख. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के मिळते, आणि त्यासाठी पालकांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागते. तेव्हा मुलीच्या बाजूने चिंता नाही.

चिंता उलट बाजूची आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. लाडकी बहीण योजनेची अट कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांकडून तिथे उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता, त्यामुळे बऱ्याच घरांना ही अट आठवतच नाही. दाखला मागितला नाही म्हणजे अट गेली असे होत नाही. मुलीच्या अर्जाला ४ लाख १० हजारांचा दाखला जोडला की एकाच घराचे दोन आकडे सरकारदरबारी नोंदले जातात. दाखला ऑनलाइन आहे, त्यावर क्रमांक आणि बारकोड आहे, दोन्ही अर्ज आधारशी जोडलेले आहेत. ताळमेळ बघायला कोणाला फार कष्ट पडणार नाहीत.

अशा वेळी काहीजण सुचवतात की दाखलाच २ लाख ४० हजारांचा काढा, दोन्ही राहील. तसे करू नका, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो. खोट्या दाखल्यावर घेतलेले शुल्क वसूल होऊ शकते आणि त्याची झळ मुलीच्या शिक्षणाला लागते. वर्षाला १८,००० एका बाजूला, आणि समजा १ लाख १० हजार शिक्षण शुल्क असेल तर चार वर्षांचे ४ लाख ४० हजार दुसऱ्या बाजूला. खरा दाखला काढा आणि लाडकी बहीणचा लाभ सोडण्याचा लेखी अर्ज महिला व बालविकास विभागाकडे देऊन त्याची पोच घ्या.

त्याआधी ४ लाख १० हजार हा आकडा तरी बरोबर आहे ना, ते तपासा. तीन एकरांत एकरी ४० टन धरले आणि टनाला ३,२०० रुपये धरले तर कारखान्याचे बिल ३ लाख ८४ हजार होते. पण त्या बिलातून सोसायटीचे पीककर्ज वळते होते. ते कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, आणि कर्ज फिटले म्हणून उत्पन्न कमीही होत नाही. दोन्ही बाजूंनी लोक चुकतात. कोणी बँकेच्या पासबुकात जमा दिसलेले पीककर्ज उत्पन्नात धरतात, तर कोणी कर्ज वजा जाता हातात आले तेवढेच सांगतात. दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात पशुखाद्याची कपात दाखवलेली असते, ती बिले तलाठ्यांकडे नेताना सोबत ठेवा. तलाठी अहवाल करताना ७/१२ आणि ८-अ वरचे क्षेत्र, पीक, बागायत की जिरायत हे पाहतात. आधीच्या वर्षी ऊस आणि दाखल्याच्या वर्षी भात असेल तर पीकपाहणीची नोंद तशी झाली आहे का ते आधी बघा, नाहीतर अहवाल जुन्या पिकावर होईल.

आणखी एक. १०० टक्के म्हणजे कॉलेजची पूर्ण पावती नव्हे. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क तेवढे सुटते. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तके हे वेगळे. प्रवेशाच्या दिवशी त्यासाठी पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न (शिरोली पुलाची): मी एमआयडीसीत फौंड्रीमध्ये सुपरवायझर आहे. फॉर्म १६ प्रमाणे एकूण पगार ८ लाख ४० हजार, स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा जाता ७ लाख ६५ हजार. टॅक्स शून्य. हातात महिना ५६ हजार येतात. मुलगा खुल्या प्रवर्गातून इंजिनिअरिंगला आहे. शाहू महाराज शिष्यवृत्तीत आम्ही बसतो ना?

उत्तर: या आकड्यांवर बसत नाही. मर्यादा ८ लाखांची आहे आणि आपला एकूण पगार तिच्यावर जातो. मन दुखावणारे उत्तर आहे, पण आता कळलेले बरे. प्रवेशानंतर आठ महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन कॉलेजने उरलेली ५० टक्के फी एकदम मागितली, तर ती जुळवणे जास्त अवघड जाते.

पगारदारांच्या पत्रांत चार वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला एकूण पगार, म्हणजे फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये अगदी सुरुवातीला, पहिल्या क्रमांकाखाली जी बेरीज असते तो. त्यात ओव्हरटाइम, बोनस, भत्ते सगळे येते. दुसरा, घरभाड्यासारखे करमुक्त भत्ते वजा करून उरलेला. तिसरा, स्टँडर्ड डिडक्शन आणि इतर वजावटी जाऊन उरलेले करपात्र उत्पन्न. चौथा, पीएफ, पतसंस्थेचा हप्ता, विमा कापून हातात येणारा पगार. शिष्यवृत्तीच्या मर्यादेसाठी तिसरा आणि चौथा कामाचा नाही. स्टँडर्ड डिडक्शन ही आयकराची सवलत आहे, तहसीलदारांच्या दाखल्यात ती वजा होत नाही. पतसंस्थेचा हप्ता तर आपणच घेतलेल्या कर्जाचा आहे.

नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंत आयकर लागत नाही, यामुळे गेल्या वर्षभरात गैरसमज फार वाढला आहे. आयकर शून्य असणे आणि ८ लाखांच्या आत असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ११ लाख पगार असलेल्या घरालाही आयकर शून्य येऊ शकतो. त्याने शिष्यवृत्तीची पात्रता येत नाही.

आपल्या घरी आणखी कोणाचे उत्पन्न आहे हे पत्रात नाही. मुलाच्या आई शिवणकाम, शिकवणी, डबे असे काही करत असतील तर तेही यात मिळवायचे, कारण आई आणि वडील दोघांचे उत्पन्न बघितले जाते. वडिलांचे ७ लाख ४० हजार आणि आईचे ९० हजार अशा घरात वडिलांच्या एकट्याच्या नावचा दाखला जोडून अर्ज केलेले आम्ही पाहिले आहेत. ते बरोबर नाही.

उत्पन्न मर्यादेच्या काठावर असेल तर वर्ष नीट बघा. दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो. एखाद्या वर्षी करारातल्या पगारवाढीची थकबाकी एकदम आली आणि आकडा ८ लाखांवर गेला, तर त्या वर्षी आपण बाहेर. पुढच्या वर्षी उत्पन्न खरोखर खाली आले तर नवा दाखला काढून बघता येते. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी नाही म्हणजे चारही वर्षे नाही, असे गृहीत धरून कागदपत्रे फाईलला लावून टाकू नका.

प्रश्न (इचलकरंजी): मी यंत्रमाग कामगार, अनुसूचित जातीचा. मालकाने आठवड्याला ५,००० पगार लिहून दिला. सेतू केंद्रात त्याला ५२ ने गुणून २ लाख ६० हजार केले. मुलगा डिप्लोमाला आहे. १० हजारांसाठी त्याची शिष्यवृत्ती जाणार का?

उत्तर: आधी ५२ चा प्रश्न. तुम्हाला वर्षातले ५२ आठवडे पगार मिळाला का? सूत नाही, वीज नाही, मंदी, यात्रा, आजारपण अशा खाड्यांचा पगार नसतो. मालकाकडच्या वहीवरून किंवा बँकेत जमा झालेल्या रकमांवरून प्रत्यक्ष पगाराचे आठवडे मोजा. समजा ४६ भरले. ४६ गुणिले ५,००० म्हणजे २ लाख ३० हजार. दिवाळी बोनस १५,००० मिळाला असेल तर तो मिळवा, २ लाख ४५ हजार. मालकाकडून पत्र घेताना 'आठवड्याला इतके' असे न घेता 'अमुक आर्थिक वर्षात एकूण इतके वेतन व बोनस दिले' असे घ्या. हे एकच वाक्य नीट लिहून आले की पुढचा सगळा वाद मिटतो.

मात्र तुमच्या मंडळी घरी कांड्या भरत असतील आणि महिन्याला १,५०० मिळवत असतील, तर ते वर्षाचे १८,००० यात येतात आणि आकडा २ लाख ६३ हजार होतो. तो आकडा खरा असेल तर तोच द्यायचा.

आता महत्त्वाचे: अडीच लाखांवर गेले म्हणजे सगळे गेले असे नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. अभ्यासक्रमाचा गट आणि विद्यार्थी वसतिगृहात की घरून येणारा, यावर तो वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये असतो. उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची योजना, जिला कॉलेजात सगळे 'फ्रीशिप' म्हणतात. त्यात शुल्क सुटते, भत्ता मिळत नाही. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे सरकारी पोर्टल) या दोन स्वतंत्र योजना आहेत. २ लाख ६३ हजारांचा दाखला असताना पहिल्या योजनेत अर्ज भरला तर तो बाद होतो. तोच विद्यार्थी दुसऱ्या योजनेत पात्र असतो, पण तोवर मुदत गेलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे फार दिसते, आणि यात चूक उत्पन्नाची नसते, योजना निवडण्याची असते.

मोठा फरक पडतो तो बाहेरगावी शिकणाऱ्यांना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यात राहणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. तिची मर्यादाही अडीच लाखच आहे आणि तिथे फ्रीशिपसारखी दुसरी वाट नाही. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिलाही अडीच लाखांचीच अट आहे. म्हणून या काठावरच्या घरांनी आकडा अंदाजाने सांगू नये. आठवडे मोजावेत, वही बघावी.

तुमच्या थोरल्या मुलाला नोकरी असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत त्याचा पगार धरत नाहीत. आई-वडिलांपैकी कोणीही हयात असेल तोवर फक्त त्यांचेच उत्पन्न, असा या योजनेचा नियम आहे.

प्रश्न (शिरोळ तालुका): आमचे एकत्र कुटुंब. ७/१२ आजोबांच्या नावावर, ९ एकर. वडील आणि दोन काका. माझा थोरला भाऊ (२४) पुण्यात कंपनीत आहे. मला ईडब्ल्यूएसचा दाखला हवा आहे. कोणाकोणाचे उत्पन्न धरायचे?

उत्तर: ईडब्ल्यूएसमध्ये कुटुंबाची व्याख्या नेमकी दिलेली आहे: तुम्ही स्वतः, आई-वडील, १८ वर्षांखालील भावंडे, आणि लग्न झाले असेल तर पती किंवा पत्नी व १८ वर्षांखालील मुले. आजोबा नाहीत, काका नाहीत, आणि २४ वर्षांचा भाऊही नाही. त्याचा पगार कितीही असो, या दाखल्यात येत नाही.

शेतीचे जरा जपून. नाव आजोबांचे असले तरी त्यातला जो भाग वडील कसतात आणि ज्याचे उसाचे बिल वडिलांच्या खात्यावर येते, ते वडिलांचे उत्पन्न आहे. 'आमच्या नावावर एक गुंठा नाही' एवढ्यावर शेती उत्पन्न शून्य दाखवले तर तलाठी अहवालातच ते पकडले जाते. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा, व्यवसाय सगळ्यांचे मिळून मागच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत लागते.

आयआयटी, एनआयटी अशा केंद्राच्या संस्थेत जायचे असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो आणि तिथे मालमत्तेच्याही अटी आहेत: कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेतजमीन नको, १,००० चौरस फुटांचा किंवा मोठा फ्लॅट नको, अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात १०० चौरस यार्ड आणि इतरत्र २०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी प्लॉट नको. आपल्याकडे गुंठ्यात बोलतात, म्हणून सांगतो: एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १२१ चौरस यार्ड. कोल्हापूर शहरात एक गुंठ्याचा प्लॉट घेऊन ठेवला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी केंद्राच्या दाखल्याला अडचण येते.

आणि शाहू महाराज शिष्यवृत्तीचा विचार असेल तर कुटुंबातल्या दोनच अपत्यांना तिचा लाभ मिळतो, हेही घरात बोलून ठेवा. थोरल्या भावाने तो घेतला असेल तर तुम्ही दुसरे.

प्रश्न (गडहिंग्लज): मुलीचे वडील जिल्हा परिषदेत वर्ग ३ मध्ये, पगार वर्षाला साडेनऊ लाख. आम्ही ओबीसी. नॉन-क्रिमीलेयर दाखला मिळाला. मग मुलीची पूर्ण फी माफ होईल ना?

उत्तर: नॉन-क्रिमीलेयर मिळाला तो बरोबरच मिळाला. ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या नियमांत क्रिमीलेयर ठरवताना पगार आणि शेतीचे उत्पन्न ८ लाखांच्या कसोटीत धरत नाहीत, वडिलांचे पद बघतात. वर्ग ३ असल्याने ते त्यात येत नाहीत. पण तो दाखला आरक्षित जागेसाठी आहे. शुल्काच्या योजनेत पालकांचे सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न बघतात आणि त्यात पगार येतो. साडेनऊ लाख ८ लाखांच्या वर आहेत. प्रवेश ओबीसीतून मिळेल, शुल्क भरावे लागेल. ८ लाख हा आकडा दोन्हीकडे सारखा आहे म्हणून हा गोंधळ होतो. एकाच घरात एका दाखल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार येऊ शकतो.

प्रश्न (कागल): पती वारले. मी मुलांसह माहेरी भावाकडे राहते. पीएफची पेन्शन येते, धाकट्याला बालसंगोपनचे २,२५० येतात. मुलीच्या अर्जात भावाचे उत्पन्न लिहायचे का?

उत्तर: नाही, ताई. आपण हयात आहात, तेव्हा उत्पन्न आपलेच. भावाच्या घरी राहता म्हणून तो पालक होत नाही. दाखला स्वतःच्या नावाने काढा, सोबत पतीचा मृत्यू दाखला जोडा. महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्ये 'वडील हयात आहेत का' याला 'नाही' लिहून मृत्यू दाखला तिथेही चढवा. वडिलांच्या नावाचा जुना दाखला जोडला म्हणून असे अर्ज परत येतात.

पेन्शन उत्पन्नात येते, ती लिहा. बालसंगोपनची रक्कम मुलाच्या सांभाळासाठी असते आणि १८ वर्षांपर्यंतच मिळते. वर्षाचे २७,००० होतात. तलाठ्यांना स्वयंघोषणापत्रात ती वेगळ्या ओळीत दाखवा, लपवू नका. वेगळी दाखवलेली रक्कम कोणालाही नीट कळते.

याच संदर्भात एका वाचक भगिनीने विचारले आहे की पती सोडून गेले, घटस्फोट झालेला नाही, तर काय. इथे अडचण खरी आहे, कारण कागदोपत्री दोन्ही पालक हयात आणि एकत्र असतात. न्यायालयाचा पोटगीचा आदेश असेल तर त्याची प्रत सगळ्यात कामाची. पोटगी चालू असेल तर ती आपल्या उत्पन्नात मिळवावी.

प्रश्न (करवीर तालुका): उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नेमके काय लागते? स्टॅम्पपेपर म्हणून ५०० रुपये मागतात.

उत्तर: ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर स्वतः सही केलेले स्वयंघोषणापत्र चालते. बाकी आधार, रेशनकार्ड, फोटो, तलाठी अहवाल. शेती असेल तर ७/१२ आणि ८-अ. नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा वेतन प्रमाणपत्र. विवरणपत्र भरत असाल तर त्याची प्रत. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर स्वतः किंवा महा ई-सेवा केंद्रातून. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. अर्जाची पावती जपा. मुदत उलटली तर त्या पावतीवर पहिले अपील करता येते.

हातात आल्यावर तीन गोष्टी वाचा. नाव आधारवरच्यासारखेच आहे का (दाखल्यावर 'बापू' आणि आधारवर 'बाबूराव' असेल तर लगेच दुरुस्त करा). कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न लिहिले आहे. आणि कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे. तीन वर्षांचा दाखला असेल तर शिष्यवृत्तीच्या अर्जात शेवटच्या वर्षाचा आकडा भरा. तिन्हींची बेरीज भरून स्वतःला मर्यादेबाहेर काढलेले अर्ज दरवर्षी असतात. केशरी रेशनकार्ड हा उत्पन्नाचा पुरावा म्हणून शिष्यवृत्तीला चालत नाही.

प्रश्न (कोल्हापूर शहर): कमवा आणि शिका योजनेतून मला थोडे पैसे मिळतात. ते सांगायचे का?

उत्तर: अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत पालकांचेच उत्पन्न बघतात. ईडब्ल्यूएसमध्ये अर्जदार स्वतः कुटुंबात मोजला जातो, तिथे सांगा. रक्कम लहान असते, त्याने ८ लाखांचा काठ ओलांडला जाण्याची वेळ क्वचित येईल. निश्चिंतपणे काम करा.

प्रश्न (पन्हाळा तालुका): मुलगा सातवी पास झाला. आत्तापासून काही आहे का?

उत्तर: आहे, आणि गावोगावच्या पालकांनी ती हातची सोडू नये. एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती) परीक्षा आठवीत होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी. सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळेत मुख्याध्यापकांना आताच सांगून ठेवा.

प्रश्न (हातकणंगले): दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येतात का?

उत्तर: शुल्काची एक आणि वसतिगृहाची एक चालते. शाहू महाराज शिष्यवृत्तीसोबत डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता घेता येतो. शुल्काच्या दोन चालत नाहीत. केंद्राची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती (मर्यादा साडेचार लाख, पदवीला वर्षाला १२,०००) घेतली तर दुसरी कोणतीही घेता येत नाही. म्हणून आधी हिशेब करा. ज्याचे शुल्क ३,००० आहे त्याला १२,००० परवडतात, ज्याचे ९०,००० आहे त्याला नाही.

प्रश्न (आजरा): अर्ज मंजूर दिसतो, पैसे आले नाहीत. केडीसीसीचे (जिल्हा बँकेचे) खाते दिले होते.

उत्तर: आपण अर्जात कोणते खाते लिहिले यावर पैसे जात नाहीत. आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले असेल त्या बँकेत जातात. सिमकार्ड घेताना किंवा शाळेत असताना एखाद्या बँकेत वा पोस्ट पेमेंट्स बँकेत उघडलेले खाते पुष्कळ मुलांना आठवतही नाही, आणि पैसे तिथे पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार बँकेशी जोडल्याची, स्थिती बघा. तिथे बँकेचे नाव दिसेल.

स्थिती 'निष्क्रिय' दिसली तर बँकेत जाऊन नुसते 'केवायसी करा' म्हणू नका. 'सरकारी अनुदानासाठी आधार सीडिंग करा' असा लेखी अर्ज द्या. केवायसी झाले म्हणजे सीडिंग झाले असे होत नाही, दोन्हींचे फॉर्म वेगळे आहेत. नंतर चार-पाच दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा.

सीडिंग ठीक असेल आणि तरी पैसे नसतील तर अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते महाडीबीटीवर बघा. कॉलेजच्या लिपिकाकडे असेल तर कॉलेजातच काम होईल. पुढे गेला असेल तर अनुसूचित जातीसाठी कोल्हापुरात समाजकल्याण सहायक आयुक्त, कला-वाणिज्य-विज्ञान शाखांच्या शाहू शिष्यवृत्तीसाठी उच्च शिक्षण सहसंचालक, कोल्हापूर विभाग, आणि इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी तंत्रशिक्षणाचे पुणे विभागीय कार्यालय. जाताना अर्ज क्रमांक आणि सीडिंगच्या स्थितीची छापील प्रत सोबत न्या. शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर आली तर ती ७ दिवसांच्या आत कॉलेजात भरून पावती घ्या, कारण पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या वेळी कॉलेज मागची बाकी आधी बघते.